नकाशात तिथे बर्फ होता

नवरा जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर, त्यामुळे लग्नानंतर जगाचा भूगोल मला त्याच्या जहाजांमागून कळत गेला. तो सुएझला असेल तर सुएझचं हवामान, ब्राझीलला असेल तर ब्राझीलचं. सकाळी दूध तापेपर्यंत मी ते मोबाइलवर बघून घ्यायचे. पण त्या वर्षी मार्चमध्ये तो मला ऑफिसातून घ्यायला आला आणि घरी पोचायच्या आधीच नवघर रोडवर स्कूटर कडेला लावून म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट आलंय. ह्या वेळी कार्गो नाही. टुरिस्टांचं छोटं जहाज आहे. स्वालबार्डला."

"हे कुठे आलं?"

"नॉर्वेच्या वर."

"नॉर्वेच्या वर काय आहे?"

"तेच. बेटं आहेत. त्यानंतर काही नाही, डायरेक्ट उत्तर ध्रुव."

घरी येऊन त्याने नकाशा दाखवला. मोबाइलवर दोन बोटांनी नकाशा वर वर सरकवत गेला आणि शेवटी थांबला, तिथे निळ्यात पांढरा ठिपका होता. तो मोठा करत गेल्यावर त्याची बेटं झाली. मुख्य बेटाच्या पश्चिम बाजूला समुद्र आत घुसून लांबच लांब बोटं केल्यासारख्या खाड्या झालेल्या होत्या. पूर्वेकडे मात्र नुसता पांढरा रंग. "अटलांटिकचा गरम प्रवाह ह्या बाजूने वर येतो," तो पश्चिम किनाऱ्यावरून बोट फिरवत म्हणाला, "म्हणून इथे जहाज जातं, गाव आहे, विमानतळ आहे. पलीकडे थंड प्रवाह, बर्फ वाहून येतो. तिकडे वस्ती नाही."

मी नंतर स्वतः वाचत गेले. सगळी बेटं मिळून आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढी, त्यातली निम्म्याहून जास्त बर्फाखाली. आणि माणसं? आमची सोसायटी आणि आजूबाजूची थोडी कॉम्प्लेक्स धरली, तर भरतील तेवढी. झाड एकही नाही. एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. गावाच्या वेशीवर पांढऱ्या अस्वलाचं चित्र काढलेली पाटी आहे, त्या पाटीच्या पुढे बंदुकीशिवाय जायचं नाही. हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो हसला. "मी कुठे उतरणार आहे? मी खाली इंजिनरूममध्ये."

सासूबाईंना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्या मूळच्या भाईंदरजवळच्या खारी गावच्या. त्यांच्या सासरी-माहेरी दोन्हीकडे मिठागरं होती. आता मिठागरंही नाहीत आणि सासरचं जुनं घरही नाही, पण बोलणं अजून खारीतलंच. मी म्हटलं, "आई, ह्या वेळी बर्फाच्या समुद्रात चाललेत."

"बर्फाला समिंदर कशाला म्हन्तीस?" त्या म्हणाल्या. "पानी हाय का न्हाय तिथं?"

"आहे."

"मंग जाऊ दे. पानी हाय तं बोट हाय."

मुलगी सातवीत होती. तिला बाबा अस्वलाचा फोटो पाठवणार एवढंच दिसत होतं. घाबरलेली मी एकटीच होते आणि ते कोणाला धड सांगताही येत नव्हतं, कारण वर्षानुवर्षं तो चाचेगिरीच्या समुद्रातून जाऊन आला होता आणि मी तेव्हा इतकी घाबरले नव्हते. चाचे म्हणजे निदान माणसं. ह्या बेटांवर जिथे बघावं तिथे माणूसच नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. काही झालं तर हाक मारायची कोणाला?

मेमध्ये तो गेला. सुरुवातीचे मेसेज छान होते. सूर्य मावळतच नाही, त्यामुळे केबिनच्या खिडकीला काळा पुठ्ठा लावून झोपतो. गावात घरं लाकडी, लाल-पिवळी, खांबांवर उभी, कारण खाली जमीन कायमची गोठलेली. घराच्या उबेने ती वितळली तर घर खचतं. रस्त्यात रेनडिअर कुत्र्यांसारखे फिरतात. मुलीला अस्वलाचा फोटोही आला. दूरच्या किनाऱ्यावर पिवळट डाग. ती म्हणाली, "हे तर म्हशीच्या रेडकासारखं दिसतंय." सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि म्हणाल्या, "भुकेला दिसतो."

जहाजावर नेट होतं, पण क्रूला थोडंच मिळायचं, आणि पूर्व बाजूला गेलं की जवळजवळ बंदच. म्हणून आम्ही ठरवलं होतं, बोलता नाही आलं तर त्याने नुसतं लोकेशन पाठवायचं. नकाशावर लाल खूण आली की मी समजायचे, ठीक आहे. कधी खाडीच्या तोंडाशी, कधी बेटांमधल्या सामुद्रधुनीत. खूण नेहमी निळ्यावर असायची.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी मी ऑफिसात होते. आमचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना, खाली पॉलिशची मशिनं चालतात, वर आम्ही बिलिंगची माणसं. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला आणि मेसेज वाजला. लोकेशन होतं. मी सवयीने खूण मोठी केली, आणि आजूबाजूला निळं दिसायची वाट बघत राहिले. निळं दिसेना. खूण पांढऱ्यावर होती. मी नकाशा लहान केला, पुन्हा मोठा केला. मुख्य बेटाची पूर्व बाजू. समुद्राचा काठ कुठल्या कुठे खाली राहिला होता आणि माझा नवरा हिमनदीच्या आत, बर्फाच्या मधोमध.

मी लिहिलं, "हे काय आहे? उतरलायस का कुठे?" मेसेज गेला, पण पोचल्याची खूण आली नाही. पुन्हा लिहिलं. तेही तसंच.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अरे, जीपीएस ग़लत दिखाता है कभी कभी. मेरा डिलिव्हरीवाला रोज़ खाड़ी में दिखता है." मी हो म्हटलं. डबा तसाच बंद केला. संध्याकाळपर्यंत मी किती बिलं चुकीची केली ते दुसऱ्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मी अंधेरीच्या एजन्सीला फोन लावला, जिथून त्याचं कॉन्ट्रॅक्ट झालं होतं. तिथला माणूस गोड बोलणारा. "मॅडम, टेन्शन मत लो. उधर सॅटेलाइट का प्रॉब्लेम रहता है. कल तक आ जाएगा."

"पण लोकेशन बर्फावर दिसतंय."

"वो मैप का कुछ होगा, मॅडम."

दुसऱ्या दिवशीही काही आलं नाही. सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी विचारलंच, "पोराचा निशान आला का आज?" त्या लोकेशनला निशाण म्हणायच्या. मी म्हटलं, नेट बंद आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि भाजी निवडत बसल्या.

बातमी मुलीने शोधली. शाळेतून आल्यावर ती मोबाइल घेऊन बसली होती. मला वाटलं खेळतेय. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, बाबांचं जहाज अडकलंय." कुठल्यातरी नॉर्वेच्या बातमीचं तिने मोबाइलवरच भाषांतर करून घेतलं होतं. भाषांतर वेडंवाकडं होतं, तरी समजत होतं. टुरिस्टांचं जहाज, पूर्व किनारा, हिमनदीसमोर तळाला घासून बसलंय. प्रवाशांना दुसऱ्या जहाजावर हलवलं. मोठ्या गावातून हेलिकॉप्टर गेलं होतं. शेवटी एक ओळ होती: कर्मचारी जहाजावरच आहेत.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पाहुण्यांना उतरवलं, ह्यांना नाही.

एजन्सीचा आवाज ह्या वेळी बदललेला होता. "हाँ मॅडम, छोटा ग्राउंडिंग हुआ है. सब सेफ हैं. कंपनी ने क्रू का नेट बंद किया है, व्हिडिओ बाहर न जाए इसलिए."

"मला कालच का नाही सांगितलंत?"

"आप पॅनिक हो जातीं."

मी मराठीत जे बोलले ते त्याला कळलं असेल किंवा नसेल. फोन ठेवला तेव्हा सासूबाई मागे उभ्या होत्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पदर तोंडाला लावला, आणि मग पहिला प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो. "बोट भरतीला बसली का व्हटीला?"

"म्हणजे?"

"व्हटीला बसली तं भरतीला आपसूक उठंल. भरतीला बसली तं वाट बघावी लागंल, मोठ्या उधानाची. इच्यार त्याला."

मी एजन्सीला पुन्हा फोन केला. त्याला भरती-ओहोटी म्हणजे काय ते माहीत होतं, पण जहाज कधी बसलं ते माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. पौर्णिमा जवळ होती. नारळी पौर्णिमाच. "पुनवंला पानी चरंल. पुनवंला निंगंल बोट," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. भाईंदरच्या खाडीचं उधाण त्यांनी जन्मभर बघितलं होतं. बांध फोडून मिठागरात शिरणारं, दोन माणसं उभी बुडतील एवढं चढणारं पाणी.

मी बाथरूममध्ये जाऊन मोबाइलवर शोधलं. स्वालबार्डला भरती अगदी लहान असते. आपल्याकडच्या भरतीच्या निम्मीही नाही. पौर्णिमेला चढलं तरी कितीसं चढणार? जगातला समुद्र एक, चंद्र एक, मग त्या टोकाला पाणी कमी का चढावं, ह्याचा मला राग आला, खरंच राग आला. बाहेर आले तर त्या देवापुढे बसल्या होत्या. भरतीचं मी त्यांना सांगितलं नाही.

ते दिवस मी नकाशा बघण्यात घालवले. जहाजापासून सगळ्यात जवळचं वस्तीचं गाव बेटाच्या पार पलीकडे. मध्ये डोंगर आणि हिमनद्या, रस्ता नाही. किनाऱ्यावर उतरावं तर अस्वल. समुद्रात उतरावं तर पाण्यात माणूस काही मिनिटंच टिकतो म्हणे. जहाजावर थांबावं तर समोर हिमनदी, जिचे कडे उन्हाळ्यात तुटून पडतात. मी ह्या चारही बाजू मनात फिरून यायचे आणि पुन्हा जहाजावर येऊन उभी राहायचे. ऑफिसात मशिनचा आवाज बंद झाला की दचकायचे. मालकांनी दोन दिवस घरी बसायला सांगितलं. मीच नको म्हटलं, घरी तर सासूबाईंचा चेहरा बघावा लागला असता.

मुलगी एकदा म्हणाली, "आई, सूर्य मावळत नाही ना तिथे अजून. म्हणजे बाबांना अंधार तरी नाही." तिने ते माझ्यासाठी म्हटलं होतं हे मला कळलं. ती स्वतः माझ्या अंगाला चिकटून झोपत होती.

नारळी पौर्णिमेला खारीतून सासूबाईंच्या भावजयीचा फोन आला. गाडी येतेय, खाडीवर नारळ सोडायला चला. दरवर्षी त्या सगळ्यांत आधी तयार असायच्या. ह्या वेळी म्हणाल्या, "मी न्हाय येत."

"अहो आई, जा ना. बरं वाटेल," मी म्हटलं.

"कशाचा नारल?" त्या एकदम कडाडल्या. "आधी माजा पोर सोर म्हनावं, मंग नारल. बिनकामाचा मी काय देत न्हाय त्याला ह्या वर्साला."

समुद्राशी त्या अशा भांडतील असं मला कधी वाटलं नव्हतं. नारळ ओट्यावर तसाच राहिला. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. लग्नाला चौदा-पंधरा वर्षं झाली होती, पण मी त्यांचा हात असा हातात घेतल्याचं आठवत नाही. तो गार पडला होता.

दुपारी एजन्सीचा फोन आला. मी नाव बघितलं आणि उचलायची हिंमत होईना. मुलीने उचलून स्पीकरवर टाकला. "मॅडम, कल ट्राय किया था, नहीं निकला. आज दूसरा जहाज़ खींच रहा है. हाय टाइड पे."

"म्हंजे?" सासूबाई मला विचारत होत्या.

"म्हणजे आज ओढतायत."

"पानी चरतंय ना?"

"चढतंय," मी म्हटलं.

मग संध्याकाळ झाली. कोणी दिवा लावला नाही, टीव्ही लावला नाही. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेननी ढोकळा आणून दिला, त्यांना काहीच माहीत नव्हतं, राखीचा सण म्हणून आणला होता. त्या दारात उभ्या राहून बोलत असतानाच माझा फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर.

"हॅलो," तो म्हणाला. आवाज बसलेला, जणू दुसऱ्याच माणसाचा. "निघालो. पाण्यात आहे जहाज. मी ठीक आहे."

फोन सासूबाईंनी ओढून घेतला आणि सरळ विचारलं, "जेवला का?"

तो काहीतरी बोलला. त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन माझ्याकडे देऊन आत गेल्या. मला आतून त्यांच्या रडण्याचा आवाज आला.

जहाज दुरुस्तीला गेलं आणि तो सप्टेंबरच्या शेवटी घरी आला. बारीक झाला होता. पहिले काही दिवस तो फारसं बोलला नाही. मग एका रविवारी मुलीने नकाशा पुढे ठेवला आणि त्याची ती शेवटची खूण दाखवली. "बाबा, तू बर्फात कसा काय होतास?"

त्याने नकाशा हातात घेतला. "मी पाण्यातच होतो. नकाशा चुकीचा नाही, जुना आहे. नकाशा केला तेव्हा तिथे बर्फ होता. हिमनदी मागे सरकली, आणि तिच्या जागी समुद्र आला. त्या समुद्राचा तळ अजून कोणी नीट मोजलेलाच नाही."

"मग तिथे गेलातच कशाला?" मी विचारलं.

"प्रवाशांना हिमनदी जवळून बघायची होती." त्याने नकाशावरच्या खुणेवर बोट ठेवलं. "हिमनदी पुढे येताना दगड-माती ढकलत आणते. मग ती मागे जाते, पण ढकलून आणलेलं तिथेच राहतं. पाण्याखाली बांध घातल्यासारखं. त्यावर चढलो आम्ही."

"बांदावर बसली म्हन," सासूबाई म्हणाल्या.

"हां, बांधावरच."

मग तो सांगत गेला. जहाज एका बाजूला कलंडलं होतं. चहाचा कप टेबलावर राहत नव्हता. हिमनदीसमोरचं पाणी दुधासारखं गढूळ, दगडाचं पीठ झालेला गाळ त्यात. जनरेटर थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, त्यातून तो गाळ आत यायचा आणि गाळण्या तुंबायच्या. जनरेटर तापून बंद पडले असते तर जहाजावर वीज नाही, पंप नाही, हीटर नाही. म्हणून ते तिघं-चौघं आळीपाळीने खाली राहून गाळण्या काढून धुवायचे. वीज वाचवायला त्याने जहाजातला एकेक भाग बंद करत आणला होता. जेवणघर बंद, केबिन बंद, शेवटी सगळे एका खोलीत जॅकेट घालून झोपायचे.

"अस्वल आलं?" मुलीने विचारलं.

"किनाऱ्यावर होतं. दोन दिवस. आमच्याकडे बघत बसायचं आणि कंटाळून झोपायचं. त्याची नाही वाटली भीती." तो माझ्याकडे बघायला लागला. "आवाजाची वाटायची. कडा तुटला की काशीमीऱ्याला पूर्वी खाणीत सुरुंग उडायचे ना, तसा आवाज. मग थोड्या वेळाने लाट यायची आणि जहाज त्या दगडांवर घासायचं. मी खाली असायचो. माझ्या पायाखाली तो घासल्याचा आवाज. प्रत्येक वेळी वाटायचं, आता पत्रा फाटणार."

"लोकेशन पाठवलंस ते कधी?"

"बसलो त्याच्या पाच-दहा मिनिटांनी. नेट बंद करतील हे माहीत होतं. म्हटलं, कुठे आहे ते तुला तरी माहीत असू दे."

मी ऑफिसात डबा उघडून बसले होते ती दुपार मला आठवली. ह्याने ती खूण धीर द्यायला पाठवली नव्हती. शोधायला यावं लागलं तर, म्हणून पाठवली होती. मी उठून आत गेले. थोड्या वेळाने तो मागे आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. "पुन्हा नाही जाणार तिकडे," तो म्हणाला. मी त्याला तसं कबूल करायला लावलं नव्हतं, तरी मला बरं वाटलं.

त्याच कंपनीचा फोन जानेवारीत आला. पुढच्या उन्हाळ्यासाठी. तो गॅलरीत जाऊन बोलत होता, आणि मी आत कपड्यांच्या घड्या घालत एकेक शब्द ऐकायचा प्रयत्न करत होते. त्याने नाही सांगितलं. पण फोन ठेवल्यावर तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. रात्री जेवताना म्हणाला, "तिथला पहाटेचा उजेड तू बघायला हवा होतास. म्हणजे पहाट नसतेच. पण जहाजाचं इंजिन बंद केलं की इतकं शांत, की बर्फातली हवा फुटल्याचा आवाज येतो पाण्यातून. खडीसाखर चावल्यासारखा." ज्या जागेने माझी झोप उडवली, तिची त्याला आठवण येत होती. ह्याला मी काय करणार?

सध्या तो काशीमीऱ्याला एका गोदामात आहे. आइस्क्रीम आणि फ्रोजन माल ठेवतात, तिथले कॉम्प्रेसर बघतो. हायवेवर ट्रकांची रांग, बाहेर घामाच्या धारा, आणि आत उणे वीस. पहिल्या आठवड्यात त्याने दुपारी फोन केला. त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं तशी मी खुर्चीतून उभीच राहिले, हातातली बिलं खाली पडली. कामाच्या वेळी तो कधी फोन करत नाही. मी नुसतं "काय झालं?" एवढंच म्हणू शकले, तेही इतक्या मोठ्याने, की खालच्या मशिनवरच्या माणसाने मान वर करून बघितलं.

"डब्यात चमचा नाहीये," तो म्हणाला.